घराची हाक

"मेला असेल तर मेला म्हण वहिनी, आणि जिवंत असेल तर आणून दाखव. हे मधलंच काय चाललंय तुझं?"

लांबेर्तुसने सुपारी गालात सरकवली आणि पाहुण्यांकडे बघून तो हसला. सेलेस्तीनाचा हा धाकटा दीर चारचौघांत नेहमी हसतच टोचायचा. टोचणं थट्टेत जमा होतं, आणि उत्तर देणारी बाई भांडखोर ठरते.

पाहुणे तिच्या लेकीला, यूलिताला, मागणी घालायला तिसऱ्यांदा आले होते. हत्तीचा सुळा, सोन्याची कर्णफुलं, म्हशी, सगळं ठरल्यात जमा होतं. अडलं होतं एकाच जागी. मुलाकडून येणारं मुलीचं देणं तिचा बाप स्वीकारतो. बाप वारला असेल तर काका. आणि यूलिताचा बाप दामियानुस मलेशियात तेलताडाच्या मळ्यावर गेला तो गेलाच. आधी पैसे यायचे, मग नुसते निरोप, मग तेही थांबले. पोरीचे तेव्हा दुधाचे दात पडत होते.

"आमचा मुलगा काही म्हातारा होईतो थांबणार नाही," मुलाचा मामा पाउलुस म्हणाला. माणूस गोड होता, पण उठायच्या बेतात होता. "आज जमलं तर जमलं, ताई. नाहीतर परत येणं नाही."

"जिवंत भावाच्या मागे मी हात पुढे केला, तर पूर्वज माझा हात झडवतील," लांबेर्तुस म्हणाला. म्हशींसाठी कुंपण मात्र त्याने गेल्याच आठवड्यात घालून ठेवलं होतं.

"तो गेल्याचं मला कुणी सांगितलेलं नाही," सेलेस्तीना म्हणाली.

"असल्याचं तरी कुणी सांगितलंय?"

तेवढ्यात कॉफीचे पेले एकमेकांवर वाजायला लागले.

जमीन आदळली नाही. खोलवरून, सावकाश, भरतीतल्या होडीसारखी डुलायला लागली. पत्रे खडखडले, माडांचे शेंडे एका बाजूला गेले आणि उशिराने परतले. सगळी माणसं अंगणात धावली आणि सगळ्यांनी आधी समुद्राकडे पाहिलं. फ्लोरेस बेटाच्या त्या किनाऱ्यावर म्हाताऱ्यांनी एकदा पाणी आत ओढलं जाताना पाहिलं होतं, आणि परत येतानाही.

"ओढतंय का?"

"अजून नाही. टेकडीकडे तोंड करून राहा."

मग घराघरांतून हाका सुरू झाल्या. "आम्ही आहोत! आम्ही आहोत!" जमिनीखाली जो आहे त्याला वरच्या माणसांचा विसर पडतो, म्हणून तो हलतो; तो हलला की घरातल्या मोठ्या बाईने ओरडून एकेकाचं नाव सांगायचं. समुद्रावर गेलेल्याचं, परगावी शिकणाऱ्याचंसुद्धा. नाव सुटतं ते फक्त मेलेल्याचं. मागच्या खेपेला शेजारच्या रोफिनाकडून गडबडीत सासूचं नाव राहिलं, तर म्हातारीने आठवडाभर सुनेच्या हातचं खाल्लं नव्हतं.

सेलेस्तीना इतकी वर्षं दामियानुसचं नाव पहिलं घेत आली होती. आळीतल्या बाया हसायच्या, "तिकडे दुसरीच्या हातचं जेवत असेल गं, आणि तू इकडे घसा फोडतेस." तरी घ्यायची.

आज आळीतली बाकीची घरं ओरडून थांबली. जमीन हलतच होती, पण माना समुद्रावरून वळून सेलेस्तीनाकडे आल्या. पाउलुसची आली. लांबेर्तुसचीही आली.

यूलिताने तिचा दंड धरला. "आई, घे बाबांचं नाव. माझं मी बघेन."

"काय बघशील?"

"बघेन काहीतरी. तू घे."

सेलेस्तीनाने पोरीकडे पाहिलं. पोरगी खरं बोलत होती; उद्या पाहुणे निघून गेले असते तरी तिने आईला एका शब्दाने बोल लावला नसता. जन्मभर लावला नसता. ते सेलेस्तीनाला दिसलं, आणि तेच सोसवलं नाही.

"आम्ही आहोत!" ती ओरडली. "सेलेस्तीना! यूलिता!"

आणि तिने तोंड मिटलं.

जमीन आणखी बराच वेळ डुलत राहिली. अजून एक नाव घ्यायला पुरेल इतका वेळ होता. यूलिता तिच्या ओठांकडे बघत होती. मग माड थांबले.

पाउलुसच्या फोनवर संदेश आला: भूकंप मध्यम, फार खोलवरचा, लाट येणार नाही. त्याने छातीवर क्रूसाची खूण केली.

लांबेर्तुस हसत नव्हता. तोंडातली सुपारी त्याने केव्हाच थुंकून टाकली होती. भाऊ आपलाही होता, हे बहुधा त्याच्या आत्ता लक्षात आलं. "वहिनी," तो हलक्या आवाजात म्हणाला, "आत चला. ऊन आहे."

ओसरीवर बोलणी पुरी व्हायला वेळ लागला नाही. म्हशींवर लांबेर्तुसने घासाघीस केली नाही. पाउलुसलाच ते चमत्कारिक वाटलं असावं, त्याने आपणहून एक वाढवली.

सेलेस्तीना मागच्या खोलीत होती. थोड्या वेळाने रोफिना आली, केस सोडून, तांदळाची लहान टोपली घेऊन, मयताच्या घरी येतात तशी. तिच्यामागून दुसरी आली, मग आणखी. आत येऊन त्या घुटमळल्या. देहाभोवती बसायचं असतं. इथे देहच नव्हता.

सेलेस्तीनाने खोलीच्या मधोमध चटई अंथरली आणि तिची दुमडलेली कड तळहाताने सपाट केली. मग ती चटईच्या बाहेर, जमिनीवर बसली. बायका तिच्यासारख्याच भोवतीने बसल्या. चटईवर कुणी पाय ठेवला नाही.