कोणाच्या आवाजात

मुलीने वहीत तिसरी उभी रेघ ओढली आणि तिच्या डोक्यावर लिहिलं, ‘पण’. नव्या टॅबबद्दल लोकांनी लिहिलेली मतं ती मोजत होती. पहिल्या दोन रकान्यांची नावं ‘हवा’ आणि ‘नको’ अशी होती, आणि ती दोन पुरत नव्हती.

“आता हे ऐक,” ती फोनवरून वाचत आईला म्हणाली. “‘माझा भाऊ चार वर्षांनी स्वतःच्या आवाजात बोलेल. मी आजच नाव नोंदवलं.’ हा झाला हवा. त्याच्या खाली लगेच एक जण, ‘उद्या मेलेल्यांनाही बोलायला लावतील.’ हा नको. आणि ही एक बाई. ‘सगळं छान आहे, पण माझ्या मुलाची चित्रं जागेवरून बोटभर जरी सरकली, तरी तो परत मुका होईल. हे कुणी बघितलंय का?’”

“ती बाई शहाणी आहे,” आई म्हणाली. ती खुर्चीच्या कडेला टेकून टॉवेलांच्या घड्या घालत होती. “माझं मत कुठल्या रकान्यात घातलंस?”

“तू अजून दिलंच नाहीस.”

“मला कुणी विचारलं?”

बाबा दोघींच्या मधे, खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. त्यांच्या मांडीवर जुना टॅब होता. त्याची चार्जरची वायर भिंतीपर्यंत ताणलेली होती, कारण ती काढली की अर्ध्या तासात पडदा काळा व्हायचा. त्यांनी डाव्या हाताच्या बोटाने एक चौकोन दाबला.

“मला नाही पटत,” टॅब आईच्या आवाजात म्हणाला.

“काय नाही पटत?” आई म्हणाली. “मी अजून काही बोललेच नाही.”

बाबा हसले. ओठांच्या डाव्या बाजूनेच हसता यायचं त्यांना, पण डोळे पूर्ण हसायचे.

सहा वर्षांपूर्वी त्यांच्या मेंदूला झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. समजायचं सगळं, पण शब्द बाहेर यायचे नाहीत आणि लिहिताही यायचे नाहीत. तेव्हा हा टॅब घेतला. पडद्यावर तीस चौकोन, चौकोनात चित्र, दाबलं की एक वाक्य. वाक्यं घरातल्या कुणीतरी बोलून भरायची होती. मुलगी तेव्हा परीक्षेसाठी दुसऱ्या गावी होती, म्हणून आईने भरली. दोन दुपारी बसून, घसा खाकरून, एकेक करत. पण नवऱ्याच्या वतीने बोलतानाही नवऱ्यासमोर अरेतुरे करणं तिच्या जिभेला जमेना. त्यामुळे गेली सहा वर्षं बाबा बायकोला, मुलीला आणि शेजारच्या मांजरालासुद्धा ‘अहो, इकडे या’ म्हणत होते. नळ दुरुस्त करायला आलेला माणूस ते ऐकून स्वयंपाकघराकडे तोंड करून “आलो, ताई” म्हणाला होता.

नवा टॅब परवा जाहीर झाला. माणसाचं जुनं बोलणं दहा मिनिटं मिळालं, तर त्यावरून त्याचा आवाज तयार करून देऊ, असं कंपनी म्हणत होती. चौकोनांच्या जागा जुन्याच ठेवणार होते, म्हणजे त्या शहाण्या बाईचंही कुणीतरी ऐकलं होतं. जुना टॅब असलेल्यांना पहिल्या खेपेसाठी आज संध्याकाळी सहापर्यंत अर्ज भरता येणार होता. दुसरी खेप कधी, ते कुणीच सांगत नव्हतं.

मुलगी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. एकाच नमुन्यावर विश्वास ठेवायचा नाही, ही तिची कामातली सवय घरातही यायची. म्हणून एकशे नव्वद लोकांची मतं वाचून झाली होती. तिचं स्वतःचं मत मात्र पहिल्या मिनिटालाच ठरलं होतं.

“आवाज मिळालाय मला,” ती म्हणाली. “अकरा मिनिटं.”

तिने फोन टेबलावर ठेवला. जुना व्हिडिओ होता. चित्रात फक्त गाडीचं छप्पर आणि तिच्या कानाचा तुकडा दिसत होता, पण आवाज स्वच्छ होता. बाबा गाडी चालवायला शिकवायचे. तीस वर्षांत त्यांनी अर्ध्या गावाला शिकवलं होतं. इथे मुलीला शिकवत होते.

“क्लच हळू सोड. अगं, हळू म्हणजे हळू. आरसा बघ. आरशात स्वतःला नको बघू, मागे बघ. आता तो ट्रक आपल्याला घाबरत नाहीये, आपणच त्याला घाबरायचं.”

आईच्या हातातला टॉवेल अर्ध्या घडीवर थांबला. बाबा खिडकीबाहेर बघत होते. त्यांचा डावा पाय फरशीवर दाबला गेला, सुटला, पुन्हा दाबला गेला. शिकवणाऱ्याच्या बाजूला जादा ब्रेक असतो, तो दाबत होते.

व्हिडिओ संपला.

“इतके ओरडायचे?” आई म्हणाली.

“माझ्यावर. तुझ्यावर नाही.”

“माझ्यावर कधीच नाही.” तिने घडी पूर्ण केली. “चांगला होता आवाज. मी काही विसरले नव्हते.”

“मग? काय वाटतं तुला?”

आईने टॉवेल ढिगावर ठेवला आणि त्यावरून हात फिरवला. “आत्ता मला माहीत असतं, आवाज माझा आणि बोलणं यांचं. उद्या यांच्याच आवाजात मशीन बोलायला लागलं, की मला वाटणार, हे बरे झाले. रोज सकाळी वाटणार. आणि रोज आठवायला लागणार की नाही झाले.”

मुलीने वहीकडे बघितलं. हे तिच्या तिन्ही रकान्यांत बसत नव्हतं. ती बाबांकडे वळली. “बाबा, तुम्हीच सांगा. अर्जात प्रत्येक चौकोनापुढे विचारलंय, कोणाच्या आवाजात. मी एकेक वाचते. तुम्ही बोट दाखवा.”

ती वाचत गेली. चहा हवा. दिवा बंद करा. दुखतंय. मला नाही पटत. बाबांनी प्रत्येक वेळी आईकडे बोट केलं. आठव्या चौकोनापर्यंत मुलीला वाटलं, त्यांना प्रश्न कळला नसेल. पंधराव्यापर्यंत तिला कळलं, की त्यांना तो नीट कळलाय. आई मान खाली घालून हातरुमालांकडे वळली होती, ज्यांच्या घड्या आधीच घालून झाल्या होत्या.

“म्हणजे काहीच बदलायचं नाही,” मुलगी म्हणाली. तिच्या आवाजातली निराशा तिला लपवता आली नाही. “ठीक आहे. निदान बॅटरी तरी टिकेल. जुन्या टॅबमधली नोंद जोडली की झालं.”

कुठला चौकोन कधी दाबला, याची नोंद जुना टॅब ठेवत होता, हे तिला आजच अर्ज वाचताना कळलं होतं. तिने ती उघडली. सर्वांत वर चहा असणार, असा तिचा अंदाज होता. चहा दुसरा होता. पहिला होता चौकोन तीस, उजव्या कोपऱ्यातला. त्यात चित्र नव्हतं आणि वाक्यही नव्हतं. आठ हजार सातशे बारा वेळा.

“आई, हा रिकामा आहे ना?”

“तिथे मला काही सुचलं नव्हतं. बोट घसरतं त्यांचं तिथे. टक वाजलं, की मी समजते काहीतरी हवंय आणि बघते काय ते.”

“घसरलं असतं तर शेजारच्या चौकोनांवरही पडलं असतं. तिथे काहीच नाही.” तिने वेळा वाचल्या. सकाळी आठच्या आसपास, दुपारी एकनंतर, साडेचारला, रात्री जेवणं झाल्यावर. “बाबा, हा तुम्ही मुद्दाम दाबता?”

“हो,” टॅब आईच्या आवाजात म्हणाला.

आईने मान वर केली.

“चहाबद्दल आहे? साखर कमी असते?”

“नाही.”

“जेवणाबद्दल?”

“नाही.”

“पाणी हवं असेल,” आई म्हणाली आणि उठली. “तूही त्यांना किती प्रश्न विचारतेस.”

टक.

“आणते, आणते.”

ती पाणी घेऊन आली. बाबांनी पेल्याकडे बघितलंसुद्धा नाही. आई खुर्चीवर टेकली न टेकली तोच तिला त्यांच्या पाठीमागची उशी घसरलेली दिसली, आणि ती पुन्हा उठली.

टक.

मुलीने पेन्सिल खाली ठेवली. “आई, एक मिनिट. उठू नकोस.”

“अगं, ती उशी—”

“राहू दे. बस.”

आई खुर्चीच्या कडेला बसली. बाबांचं बोट पडद्यावरून उचललं गेलं. भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं.

“आता उठ.”

“हे काय चालवलंयस?” म्हणत आई अर्धवट उठली.

टक.

“बस.”

बोट पुन्हा मागे आलं. मुलीला तिसऱ्यांदा बघायचं होतं, सवयीने. पण आईला उठ म्हणण्याची वेळच आली नाही. ती बाबांकडे बघत होती. कडेला टेकलेली ती हळूहळू मागे सरकली आणि पाठ खुर्चीला लागल्यावर थांबली. त्या खुर्चीला पाठ आहे हे तिला आत्ताच कळलं असावं, अशी ती बसली.

“आणि मी दर वेळी उठत होते,” ती म्हणाली.

बाबांनी काहीच दाबलं नाही.

मुलीने अर्ज पुढे ओढला. तिसाव्या चौकोनाच्या वाक्याच्या जागी तिने दोनच शब्द लिहिले, ‘बस जरा’, आणि पडदा बाबांसमोर धरला. त्यांनी ते दोन शब्द बराच वेळ वाचले. मग त्यांचं बोट पुढच्या रकान्यावर आलं, कोणाच्या आवाजात. तिथून ते उठलं आणि त्यांच्या स्वतःच्या छातीवर टेकलं.

मुलीने आईकडे बघितलं. “आई?”

“एवढं एकच?”

“एवढं एकच.”

आईने डोळ्यांवरचा चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. “पाठव,” ती म्हणाली.

सहा वाजायला वीस मिनिटं होती. अर्ज गेला.

“गॅसवर दूध आहे,” आई म्हणाली. ती उठली नाही. “बघतेस?”

“बघते.”

स्वयंपाकघरात गॅस बंद होता. दुधाचं पातेलं धुऊन ओट्यावर पालथं घातलेलं होतं. मुलीने हात ओट्यावर टेकला आणि कान दिला. बाहेरून बराच वेळ टक वाजलं नाही. तिने पातेलं सुलटं केलं, गॅसवर ठेवलं, पेटवला मात्र नाही, आणि तिथेच उभी राहिली.