चिठ्ठीखालचा ताळा

शाळेत प्रेमिला अपूर्णांकांना फार घाबरायची. ती भीती घालवली सिंधूताईंनी. ताई सरकारी दवाखान्यात नर्स, दोघी एकाच वस्तीतल्या. ताईंनीच तिच्या आईला पटवून नर्सिंगचा फॉर्म भरला, आपले जुने पांढरे बूट दिले आणि मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, स्वतःच्याच वॉर्डात तिला आपल्या हाताखाली घेतलं. आता पोरगी तिसऱ्या वर्षाला होती आणि शेवटची परीक्षा दोन महिन्यांवर आली होती.

ताईंची एक शिस्त होती. औषधाचं गणित मनात करायचं नाही. चिठ्ठीवर मांडायचं, खाली उलटा ताळा लिहायचा आणि काम झालं की चिठ्ठी टेबलाजवळच्या तारेत खोवायची. "ताळा नसलेली चिठ्ठी मले दावूच नको वं," ताई म्हणायच्या. "आपल्या पोरीचं जरा चुकलं का लोक आधी आडनाव इचारतेत." दुसऱ्या वॉर्डातल्या पोरी या ताळ्याला हसायच्या. प्रेमिलाला मात्र त्याचा भारी अभिमान.

बुधवारी सकाळी काटोलचे संत्र्याचे व्यापारी चंपतराव यांना चोवीस युनिट इन्सुलिन द्यायचं होतं. नेहमीची बाटली चाळीसची, म्हणजे एका सीसीत चाळीस युनिट. ती संपली होती आणि भांडारातून ऐंशीची नवी आली होती. औषध दुप्पट कडक, तेव्हा घ्यायचं निम्मं. प्रेमिलानं मांडलं: चोवीस भागिले ऐंशी, शून्य पॉइंट तीन सीसी. खाली ताळा: शून्य पॉइंट तीन गुणिले ऐंशी, चोवीस. मोठ्या डॉक्टरांचा राउंड यायचा होता, ताई घाईत होत्या. "ठेव तिथं, मी टोचतो," त्या म्हणाल्या. प्रेमिला चादरी बदलायला पलीकडे गेली.

तासाभरात चंपतराव घामानं न्हाले आणि बरळू लागले. शिरेतून ग्लुकोज गेलं म्हणून माणूस वाचला. बाटलीत उरलेलं औषध मोजलं तेव्हा कळलं की शून्य पॉइंट सहा गेलं होतं. चाळीसच्या सवयीचा हात, दुसरं काय.

दुपारी मेट्रनबाईंनी दोघींना बोलावलं.

"मी चिठ्ठीप्रमाणेच दिलं," सिंधूताई म्हणाल्या. भाषा एकदम पुस्तकी झालेली.

मेट्रनबाईंनी चिठ्ठी पुढे सरकवली. "प्रेमिला, चूक तुझी असेल तर या वेळच्या परीक्षेला बसता येणार नाही. ही तुझीच ना?"

चोवीस युनिट, ऐंशीची बाटली, शून्य पॉइंट सहा सीसी. अंक हुबेहूब तिचे, सहाचं वळणसुद्धा तेच. असणारच. अंक स्वच्छ कसे काढायचे, हे ताईंकडूनच तर ती शिकली होती.

तेवढ्यात फोन वाजला आणि मेट्रनबाई पाठमोऱ्या झाल्या.

"चिठ्ठी काहून बदलली, ताई?" प्रेमिलानं हळूच विचारलं.

"कबूल कर वं," ताई पुटपुटल्या. "तुले सहा महिनेच जास्त लागतीन. माही तं नोकरीच जाईन."

प्रेमिलाला रडू आलं नाही, राग आला. ताईंनी चूक झाली म्हटलं असतं तर ती त्यांच्या बाजूनं साऱ्या दवाखान्याशी भांडली असती. पण जिनं बोट धरून इथवर आणलं, तिनंच केसानं गळा कापावा? आणि वर हिशेब सांगावा, की तुझे सहा महिनेच जातील?

तिनं चिठ्ठी पुन्हा पाहिली. अंकांखालची जागा कोरी होती. ताळा मांडणार तरी कसा? शून्य पॉइंट सहा गुणिले ऐंशी केले की अठ्ठेचाळीस येतात. तिनं ताईंकडे पाहिलं. ताईंनी मान वर केली नाही.

मेट्रनबाईंनी फोन ठेवला.

"ही माझी नाही, बाई," प्रेमिला म्हणाली. "माझ्या प्रत्येक चिठ्ठीखाली ताळा असतो. वॉर्डातली तार मागवून बघा."

तार आली. मेट्रनबाईंनी एकेक चिठ्ठी काढून पाहिली. पस्तीस-चाळीस चिठ्ठ्या होत्या आणि एकही ताळ्याशिवाय नव्हती. शेवटी त्यांनी चष्मा काढला. सिंधूताई भिंतीला टेकल्या होत्या.

"चांगली पद्धत आहे," मेट्रनबाई म्हणाल्या. "आपल्या शिकवणीत तर हे नाही. कोणी शिकवलं तुला?"

प्रेमिलाच्या पायांत ते जुने पांढरे बूट होते. ती त्या बुटांकडेच बघत राहिली.

"सिंधूताईंनी," ती म्हणाली, आणि मग मात्र तिला रडू आवरलं नाही.