लावलेली ‘ली’

सुमंगला टीचरनी डिचोलीत इंग्रजीच्या शिकवण्या घेत उभं आयुष्य काढलं होतं. त्यांचा एक नियम त्यांच्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक पोराला तोंडपाठ असे: क्रियापदामागून येणाऱ्या शब्दाला ‘ली’ लावायची. स्लो नव्हे, स्लोली. लाऊड नव्हे, लाऊडली.

कारापूरच्या शेवंतीची लेक सिद्धी नर्सिंग शिकून परदेशातल्या इस्पितळासाठी इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करत होती. एकदा रुग्णाची अवस्था लिहिताना तिनं लिहिलं, ‘द पेशंट लुक्स वीक.’ टीचरनी तांबड्या पेनानं त्याचं ‘वीकली’ केलं.

“टीचर, हे कानाला बरं नाही लागत,” सिद्धी हळूच म्हणाली. “पेशंट इथं काही करत नाही ना. तो नुसता तसा दिसतो.”

“कानानं इंग्रजी आलं असतं तर शिकवणी कशाला लावलीस गो?”

बाकीच्या पोरी खुदकन हसल्या. सिद्धीनं मान खाली घातली. त्यानंतर ती मुकाट्यानं जिथं तिथं ‘ली’ लावत गेली.

लेखनाच्या पेपरात ती थोडक्यात नापास झाली. शेवंती स्वतः सांगायला आली. “सदांकदा मोबायलात डोकं! तुम्ही एवढं शिकवलं, पण हिनं मातीमोल केलं.”

“आणखी मेहनत करायला हवी होती तिनं,” टीचर म्हणाल्या.

पुढच्याच आठवड्यात आठवीतली गौरवी शाळेतला क्रियापदांचा नवा धडा घेऊन आली. टीचरनी फळ्यावर तीन वाक्यं लिहिली आणि झोकात सांगू लागल्या. “‘आई कुक्स राइस.’ इथं आई खरंच काम करते. ‘आई इज कुकिंग’ यातलं इज नुसतं कुकिंगला हात देतं, ते मदतनीस. आणि ‘द राइस इज हॉट’ मधलं इज काहीच करत नाही. ते भाताला आणि गरमपणाला जोडतं.”

“मग ‘द फिश स्मेल्स बॅड’?” गौरवीनं विचारलं. “मासळी काय वास घेते?”

सगळे हसले. टीचरही हसल्या आणि धड्यात बघून सांगू लागल्या. “स्मेल्सच्या जागी इज घालून बघ. ‘द फिश इज बॅड.’ अर्थ लागतो ना? मग हेही जोडणारंच. लुक्स, फील्स, टेस्ट्स, कधी कधी तीही अशीच. यांच्यापुढं ‘ली’ लावायची नस…”

खडू फळ्यावरच थांबला. ‘लुक्स वीक’ हे शब्द डोळ्यांपुढे उभे राहिले.

डोकं दुखतंय म्हणून त्यांनी पोरांना लवकर घरी धाडलं. जुनी व्याकरणाची पुस्तकं काढून पाहिली. सगळीकडे तेच होतं. एका शब्दानं कोण नापास होतो, असं त्यांनी मनाला समजावून पाहिलं, पण शब्द एक नव्हता. प्रत्येक उत्तरात त्यांनीच ‘ली’ लावायला लावली होती. बाजारात शेवंती दिसली तेव्हा त्या मिठाच्या दुकानात शिरल्या आणि ती जाईस्तोवर बाहेर आल्या नाहीत. त्या दिवशी त्यांना स्वतःचीच किळस आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बसनं कारापूरला गेल्या. शेवंती ओसरीवर खोबरं किसत होती, सिद्धी कपडे वाळत घालत होती.

“शेवंती, पोरीला बोल लावू नकोस,” टीचर उभ्याउभ्याच म्हणाल्या. “तिचं बरोबर होतं. मी तिच्याकडून चुकीचं लिहून घेतलं. वर सगळ्यांदेखत तिला हिणवलं.”

शेवंतीचा हात थांबला. तिनं लेकीकडे पाहिलं. सिद्धीनं पिळलेला परकर बादलीत तसाच ठेवला.

“त्यामुळंच गेलं असं कोण सांगणार, टीचर?” ती म्हणाली. “पण मला वाटायचं, माझा कानच खराब. पेपरात दर वाक्याला थांबत होते. वेळ पुरला नाही.”

टीचरना वाटलं होतं, पोरगी रडेल, नाहीतर भांडेल. “पुन्हा बस परीक्षेला. मी रोज इथं येऊन शिकवीन. फुकट.”

“मी म्हापशाला क्लास लावलाय.” सिद्धीनं नजर चुकवली. मग तिनं विचारलं, “बाकीच्यांचं काय? तुम्ही आम्हा सगळ्यांना तेच शिकवलं ना?”

शेवंतीनं चहा विचारला नाही.

घरी येऊन टीचरनी एकेका जुन्या विद्यार्थ्याला फोन करून आपली चूक सांगायला सुरुवात केली. कुणी हसण्यावारी नेलं, कुणाला आठवतही नव्हतं. मुळगावचा गौरेश मात्र हसला नाही. तो आता तिथल्याच शाळेत इंग्रजी शिकवत होता.

“टीचर,” तो म्हणाला, “मी पोरांना तेच शिकवतो. तुमचंच. परवा एका मुलीचे मार्क कापले.”

सुमंगला टीचरनी डोळे मिटले. “तिचं नाव काय?”

“सोनम.”

“उद्या मी येते तुझ्या वर्गात. येऊ ना?”

“या,” गौरेश म्हणाला. “पण तिला मी सांगतो. मार्क मी कापलेत.”