कोरडी टाकी

पेट्रोल टाकीत ठेवलं की ते चोराचं झालं, हे पेट्रोलटंचाईच्या माराकाइबो शहरात कुणाला शिकवावं लागत नाही. नेरिओ मास्तर दोन दोन दिवस रांगेत काढून पेट्रोल आणत आणि घरी आल्या आल्या तोंडाने नळी ओढून ते कॅनमध्ये उतरवून घेत. कॅन पलंगाखाली, नळी खिळ्याला. सकाळी लागेल तेवढंच पुन्हा गाडीत ओतायचं. गल्लीत सगळ्यांच्या टाक्यांना भोकं पडली, मास्तरांच्या छोट्या जुन्या गाडीला कुणी हात लावला नाही, आणि याची त्यांना जरा घमेंडच होती.

त्या मंगळवारी गाडी सुरूच होईना. मागच्या सीटवर त्यांची बायको योलेइडा उशीला टेकून बसली होती. तिचं डायलिसिस सात वाजता, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. उशीर झाला की मशीन पुढच्या पेशंटला. शनिवारची पाळी रांगेपायी हुकली होती. आता तिची पावलं चपलेत मावत नव्हती आणि चार शब्द बोलली तरी धाप लागत होती.

शेजारचा मेकॅनिक एडिक्सन आला. त्याने टाकीला कान लावला, मग खालून लाकडी हातोड्याचे दोन ठोके दिले. आतला, इंजिनाला पेट्रोल पुरवणारा पंप कण्हला आणि गाडी चालू झाली.

"मास्तर, हा पंप पेट्रोलात बुडलेला असला तरच थंड राहतो. टाकीत किती ठेवता तुम्ही?"

तळाला जेमतेम, असं मास्तरांनी सांगितलं.

"चोराने नुसतं पेट्रोल नेलं असतं. तुम्ही पंपच जाळलात."

नवा पंप सीमेपलीकडून यायला आठवडा लागणार होता. एडिक्सनने हातोडा त्यांच्या हवाली केला, आणि मास्तरांनी न राहवून भरलेला कॅनही डिकीत टाकला.

अर्ध्या वाटेत गाडीने मान टाकली. मास्तरांनी रस्त्यावर आडवं होऊन ठोके दिले. काही नाही. मग बुडवला तर पंप शुद्धीवर येईल, अशा वेड्या आशेने त्यांनी अख्खा कॅन टाकीत रिकामा केला. किल्ली फिरवली. पेट्रोलचा काटा वर चढत गेला. पंपाचा आवाज आला नाही.

बऱ्याच वेळाने एक म्हातारा टॅक्सीवाला थांबला. योलेइडाकडे बघून त्याचा जीव हळहळला. पण तो स्वतःच पेट्रोलच्या रांगेला निघाला होता, आणि त्याचा काटा तळाला टेकलेला होता.

"पाच लिटर द्या, आत्ता पोहोचवतो. नळी आहे ना? माझी कालच कुणीतरी लांबवली."

मास्तरांच्या डोळ्यांसमोर घरी खिळ्याला अडकवलेली नळी आली. त्यांनी नकारार्थी मान हलवली. टॅक्सीवाला थोडा घुटमळला आणि निघून गेला.

मास्तर गाडीत येऊन बसले. टाकी गच्च भरलेली होती. सात वाजून गेले होते.

"नेरिओ, किती वाजले रे?" योलेइडाने मागून विचारलं.

"आहे अजून वेळ," मास्तर म्हणाले.