आक्काताईंना मी दिलेले गुण

खरं सांगू? माझी ओळख करून द्यायची मला लाज वाटते. मी एक कागद आहे, दोन्ही बाजूंनी छापलेला, रेघा मारून चौकोन पाडलेला. लोक मला गुणतक्ता म्हणतात, ऑफिसातले साहेब रुब्रिक म्हणतात. शिवणकामाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत कुणाला किती गुण द्यायचे, ते माझ्याकडं बघून ठरतं. आणि जिच्या हाताकडं बघून मला लिहिलं, त्याच बाईला मी शून्य दिलंय. आता बोला!

माझा जन्म कोल्हापुरातला, फुलेवाडीच्या एका शिवण केंद्रातला. संयोगिता मॅडम त्या केंद्राच्या प्रमुख. आक्काताई कांबळे तिथं मदतनीस. मदतनीस आपलं नावाला हो! अकरा वर्षं पोरींना कात्री धरायला शिकवली ती आक्काताईंनीच. चौथी शिकलेली बाई, पण ब्लाऊज असा शिवायची की पार गारगोटीच्या बायका एसटीनं कापड घेऊन यायच्या.

माझ्याआधी परीक्षेत गुण अंदाजपंचे पडायचे. हिला पंचावन्न, तिला साठ, आणि परीक्षकाला चहा फक्कड मिळाला तर सगळ्यांनाच सत्तर. मग वरून हुकूम आला, की प्रत्येक कौशल्याला निकष हवा आणि प्रत्येक निकषाला गुण हवेत. मॅडमना वाटलं, बरं झालं. कष्टाळू पोरींना न्याय मिळेल. बाई मनानं चांगली, त्यात काही खोट नाही.

महिनाभर मॅडम वही घेऊन आक्काताईंच्या मशीनजवळ बसल्या. "आक्काताई, हे असं का करता?" म्हणून विचारायच्या आणि लिहून घ्यायच्या. कापड आधी भिजवून वाळवायचं, ही माझी एक ओळ झाली. मुंढ्याला, म्हणजे बाही जोडायच्या गोलाईला, कात्री लावताना कापड उचलायचं नाही, ही दुसरी. असा मी ओळीओळीनं वाढत होतो. काय सांगू, मला फार अभिमान वाटायचा स्वतःचा.

एक दिवस मॅडमनी विचारलं, "बगलेखालची शिलाई तुम्ही कच्चीच का ठेवता? नुसता धावदोरा घालून सोडून देता."

आक्काताई हसल्या. "आवं मॅडम, बाईचं अंग काय लाकडाचं हाय व्हय? काल एक, आज एक. दुखण्यात उतरतंय, सणाला चढतंय. तिनं अंगात घालायचं, हात वर करायचा, वाकायचं. कुटं आवळतंय ते मग कळतंय. त्याच्यानंतर मशीन मारायची. त्याच्याआधी न्हाय. मेलो तरी न्हाय."

मॅडमनी मोठ्या अक्षरात लिहिलं: अंगावर घालून पाहणे, वीस गुण. माझी सगळ्यात मोठी ओळ हीच होती.

मग मला घेऊन मॅडम बैठकीला गेल्या. वरच्या ऑफिसातल्या अमरसिंह साहेबांनी मला वाचलं, मान डोलावली आणि त्या ओळीवर पेन टेकवलं. "मॅडम, परीक्षेत अंग कुणाचं आणायचं? माप कार्डावर देऊ. आणि अर्धवट काम टाकून पोरी उठतात, त्याचं काय? पहिलीच ओळ घाला: नग पूर्ण आहे का? नसेल तर पुढचं तपासायचंच नाही."

मॅडम थोडं बोलल्या, मग गप्प बसल्या. बैठकीत माणसं गप्प का बसतात, हे मला अजून कळलेलं नाही. वीस गुण खोडले गेले. त्यातले दहा वेळेत काम संपवण्याला गेले, दहा टापटिपीला. तळाशी आणखी एक वाक्य आलं: परीक्षकाने उमेदवारास कोणतीही सूचना देऊ नये.

छापून आल्यावर मॅडमनी मला सगळ्या पोरींना वाचून दाखवलं. आक्काताईंना तेवढं दाखवलं नाही. त्यांना काय दाखवायचं, त्यांच्याकडूनच तर घेतलंय, असं मॅडमना वाटलं. चूक झाली ती इथं.

तोवर नवा नियम आला होता. जूनपासून केंद्रात शिकवायचं तर हातात प्रमाणपत्र पाहिजे. ते असेल तर आक्काताई शिक्षिका होणार, नसेल तर मदतनीस हे पदच बंद. घरात मालक लकव्यानं अंथरुणावर, लेक इचलकरंजीला मागावर. पण पोटाचं त्या फारसं बोलायच्या नाहीत. "मॅडम म्हणत्याल पोरी मला," एवढंच म्हणून लाजायच्या. चौपन्न वर्षांची बाई!

परीक्षेच्या दिवशी त्या इस्त्रीची साडी नेसून आल्या. त्यांच्याच हाताखाली शिकलेली तेजस्वी शेजारच्या मशीनवर बसली होती. परीक्षक बाई पुण्याच्या होत्या, समंजस दिसत होत्या. तक्ता करणाऱ्याला परीक्षेच्या खोलीत मनाई, म्हणून संयोगिता मॅडम बाहेर. आत मी होतो, पुठ्ठ्याला चिमटा लावून परीक्षक बाईंच्या हातात.

काय ती कापणी! काय त्या टिपा! मी बघत होतो आणि माझे चौकोन आपोआप भरल्यासारखे वाटत होते. पाऊण तास शिल्लक असताना आक्काताईंनी दोरा तोडला, ब्लाऊज घडी घालून पुढ्यात ठेवला आणि दाराकडं बघत बसल्या.

"झालं का?" परीक्षक बाईंनी विचारलं.

"झालं की. आता ह्या बाईस्नी बोलवा."

"कोणत्या बाईंना?"

"ह्याच की, चौतीस छातीच्या. कार्डावर माप हाय न्हवं त्यांचं?"

पोरी फिदीफिदी हसल्या. तेजस्वी तेवढी हसली नाही. परीक्षक बाईंनी ब्लाऊज उलटा करून बघितला, बगलेखालचा धावदोरा बघितला. "ही शिलाई?" एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

"अंगावर बघितल्याबिगर कशी मारू? येऊ द्यात की, मी बसतो. मला काय घाई न्हाय."

परीक्षक बाईंनी माझ्याकडं बघितलं. तळाचं वाक्य वाचलं. पुन्हा वाचलं. देवाशप्पथ, त्यांना सांगायचं होतं. मीच आडवा आलो. दोन वाजता वेळ संपेपर्यंत त्या आक्काताईंच्या आसपास घुटमळल्या आणि आक्काताई त्या न येणाऱ्या बाईची वाट बघत राहिल्या. मग पहिल्या ओळीत 'नाही' पडलं. पुढचे सगळे चौकोन कोरे राहिले. तेवढं सुंदर काम समोर ठेवून मी कोरा! तळाला शून्य.

निकाल लागला. तेजस्वीला अठ्ठ्याऐंशी. जूनपासून आक्काताईंच्या जागेवर तीच. पोर रडली, नको म्हणाली. आक्काताईंनीच तिला दटावलं, "गप गं. मी शिकीवलंय म्हणून तर पडल्यात एवढं."

संयोगिता मॅडमनी त्यांना गाठून सगळं सांगितलं. ओळ कशी होती, कशी खोडली, नंतर दाखवायची कशी राहिली.

"मला नुसतं सांगितलं असतंसा, मॅडम," आक्काताई म्हणाल्या. "मारली असती की मी टीप. दोन मिनिटांचं काम हुतं. मी आपली येडी, कोण तरी घालणार हाय म्हणून शिवत बसलो."

मॅडमनी अर्जावर अर्ज केले. साहेबांशी भांडल्या, चार महिने खेटे घातले आणि फेरपरीक्षेची मंजुरी आणली. ते पत्र आणि मला पर्समध्ये घालून आक्काताईंच्या घरी गेल्या.

आक्काताई मशीनवरच होत्या. भोवती कापडी पिशव्यांचे गठ्ठे. कुठल्याशा दुकानाचं काम होतं. त्यांनी पत्र वाचलं, घडी करून परत दिलं.

"नको व मॅडम. आता मी ब्लाऊज शिवत न्हाय. गारगोटीच्या बायकास्नीबी परत लावलं. कापड हातात घेतलं की त्या पोरींचं हसणं ऐकू येतंय. पिशव्या बऱ्या. पिशवीला कुणाचं अंग लागत न्हाय."

मॅडमच्या डोळ्यांना धार लागली. आक्काताईंनी उठून चहा ठेवला. त्या स्वतः रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मी अजून चालू आहे. चांगला गुणतक्ता म्हणून माझी वाहवा झाली, जिल्हाभर मला लागू केलंय. उद्या सकाळी चंदगडला परीक्षा आहे. माझ्या चाळीस प्रती निघाल्यात, अजून गरम आहेत. तिथं हातानं शिकलेल्या, पोक्त बायका बसणार आहेत. तुमच्यापैकी कुणी तिकडं जाणार असेल तर हात जोडतो, मशीन सुरू व्हायच्या आधी मला त्यांना मोठ्यानं वाचून दाखवा. माझं मलाच वाचता येत नाही हो. आणि एकदा परीक्षा सुरू झाली, की सांगायला मनाई आहे.