एकशे बत्तीस आणि एक्क्याण्णव

१९९५ सालच्या डिसेंबरातला शनिवार होता. रोह्याला लागून असलेल्या वरसे गावात अनिता पडवीत बसून मोड आलेले वाल सोलत होती. तिची थोरली जाऊ सगुणा मागल्या दारी भांडी घासत होती. सकाळची शाळा सुटून मुलं घरी आली. पुढे प्रतिक्षा, मागे प्रणित. प्रतिक्षा सगुणाची, प्रणित अनिताचा. दोघं एकाच वर्गात, आठवीत. दोघांच्या हातात एकेक पांढरा लिफाफा होता.

"काकी, निकाल आला," प्रतिक्षा म्हणाली. "बुद्ध्यांकाचा."

महिन्यापूर्वी मुंबईची कुठलीशी खाजगी संस्था शाळेत येऊन गेली होती. चाळीस मिनिटांची एक प्रश्नपुस्तिका मुलांकडून सोडवून घेतली आणि प्रत्येकाची बुद्धी आकड्यात मोजून देऊ, असं सांगून गेली. अनिताने हौसेने प्रणितचं नाव घातलं होतं. प्रतिक्षाचं नाव अनिताच्या नवऱ्याने, दिनानाथने घातलं. बापाविना वाढलेली पोर मागे राहायला नको, म्हणून.

अनिताने हात पदराला पुसले आणि आधी प्रणितचा लिफाफा फोडला. एक्क्याण्णव. मग प्रतिक्षाचा. एकशे बत्तीस.

खाली छापील तक्ता होता. प्रणितच्या आकड्यासमोर 'सर्वसाधारण' असं लिहिलं होतं, प्रतिक्षाच्या आकड्यासमोर 'अतिशय कुशाग्र'. अनिताने तो तक्ता तीनदा वाचला. वाचता तिला चांगलंच येत होतं. पेण तालुक्यातल्या गागोद्याच्या शाळेत सातवीपर्यंत तिचा पहिला नंबर कधी चुकला नव्हता. पुढचं शिक्षण पेणला होतं. तिथे धाडला तिचा भाऊ कान्हू, जो दरवर्षी कसाबसा वर ढकलला जात होता. अनिता बारा वर्षांची होती. ती घरी राहिली.

"बरं आलंय," ती एवढंच म्हणाली आणि पुन्हा वाल सोलायला बसली. पण साल निघायच्या आधीच दाणे तिच्या बोटांत चिरडले जात होते.

तीन वाजता पहिली शिफ्ट करून दिनानाथ धाटावच्या कंपनीतून आला. प्रतिक्षाचा कागद वाचून तो जागेवरून उठलाच.

"दादाचं डोकं घेतलंन पोरीनं!" तो म्हणाला. दादा म्हणजे सगुणाचा नवरा कमळाकर. सहा वर्षांपूर्वी कामावरून येताना सायकलसकट ट्रकखाली गेला होता. तेव्हापासून सगुणा आणि तिची मुलगी दिराच्या घरात होत्या. सगुणा पहाटेपासून राबायची, सगळ्यांचं झालं की जेवायची, आणि घरात पाहुणे आले की आत जाऊन बसायची.

त्या दिवशी मात्र दिनानाथने तिला हाक मारून बाहेर बोलावलं. "वयनी, बघा. तुमची पोर नाव काढील."

चार दिवसांनी तो कागद काच लावून कमळाकरच्या फोटोशेजारी भिंतीवर टांगला गेला. प्रणितचा कागद अनिताने कपाटात साड्यांच्या खाली सरकवला.

हेवा काही एकदम पेटत नाही. आळीतल्या बायका हळदीकुंकवाला आल्या की आधी ती चौकट बघायच्या, मग सगुणाकडे बघून हसायच्या. ज्या सगुणाला इतकी वर्षं कुणी विचारलं नव्हतं, तिला आता लोक विचारत, "पोरीला काय खायला घालतेस गो?" त्या घराची मालकीण अनिता होती. चहा तीच देत होती. पण बायकांची नजर तिच्यावरून घसरून पलीकडे जायची.

आणि खरं सांगायचं तर तिला झोंबत होतं ते मुलापेक्षाही स्वतःसाठी. आपण बारा वर्षांच्या होतो तेव्हा असं कुणी आलं असतं, कागद दिला असता, तर आपलाही आकडा निघाला असता. किती? हा प्रश्न तिला चूल फुंकताना पडायचा, नदीवर कपडे आपटताना पडायचा. ज्या पोरीच्या पायात धड चप्पल नाही, तिला आपली किंमत ठाऊक आहे आणि आपल्याला नाही, हे तिला सोसवेना.

ती प्रतिक्षाला नावाने हाक मारायचीच बंद झाली.

"एकशे बत्तीस, पाणी भर."

"एकशे बत्तीस, अंगण राहिलं सारवायचं. डोकं चालतं ना? मग हात पण चालव."

प्रतिक्षा पाणी भरायची, अंगण सारवायची. पुस्तक उघडलं की काम निघायचं. शाळेतही तिची पंचाईत झाली होती. काही कळलं नाही म्हणून हात वर केला, तर मुलं म्हणायची, एवढा आकडा असून हिला विचारावं लागतं? तिने विचारणं सोडलं. नववीच्या सहामाहीत ती पहिल्या नंबरावरून अकराव्यावर आली. भिंतीवरचा आकडा होता तेवढाच होता. अनिताला बरं वाटलं. आणि बरं वाटलं म्हणून थोडी लाजही वाटली, पण ती तिने गिळली.

प्रणितचं दुखणं वेगळं होतं. अनिता चिडली की त्यालाही आकड्यानेच झोडायची. "ती पोर बघ आणि तू बघ. नव्वदावर एक, बस!" हे ओरडणं कुडापलीकडे गेलं, तिथून शाळेत गेलं. एकदा रोह्याच्या एसटी स्टँडवर ती भाजी घेऊन उभी होती, तेव्हा मुलांचा घोळका प्रणितच्या मागे चालताना तिने पाहिला. "एक्क्याण्णऽऽव! ए एक्क्याण्णव!" प्रणित मान खाली घालून चालला होता. त्याने वळूनसुद्धा पाहिलं नाही.

नववीची वार्षिक परीक्षा झाली. प्रणित गणितात नापास झाला; शाळेने कसाबसा वर ढकलला. "अभ्यास का नाय केलास?" अनिताने विचारलं.

"करून काय होणार, आये?" तो अगदी शांतपणे म्हणाला. "माझं एक्क्याण्णव हाय."

दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली. वर्गशिक्षक हिरामण सर निकालपत्रकं लावत बसले होते. तिने सगळं सांगितलं आणि चाचणी परत घ्या म्हणून हट्ट धरला.

सरांनी हातातली पत्रकं बाजूला ठेवली. "अनिताताई, चाळीस मिनिटांत पोरानं किती कोडी सोडवली, एवढंच त्या कागदात आहे. त्या दिवशी त्याला ताप होता का, पुस्तिकेतली भाषा त्याला कळली का, पुढं तो किती मेहनत करील, यातलं काही त्यात नाही. आणि एक्क्याण्णव म्हणजे चारचौघांसारखा. त्यात वाईट काय? माझंच चुकलं. ते कागद मी मुलांच्या हातात द्यायलाच नको होते."

सरांनी तिला औषध दिलं होतं. पण मत्सराने भरलेल्या माणसाला औषधही उलटंच लागतं. घरी येईपर्यंत तिच्या मनाने हिशेब मांडला: आकड्यात काही नाही, म्हणजे त्या पोरीतही काही नाही. मग तिला शिकवायची कशाला?

पंधरा दिवसांत तिने स्थळ काढलं. कोलाडला हायवेवर खानावळ चालवणारे हैबतराव, त्यांचा मुलगा रितेश, वय चोवीस. प्रतिक्षाला पंधरावं सरून दोन महिने झाले होते.

"वय नाय झालं गो तिचं," दिनानाथ चाचरत म्हणाला.

"माझं सतरा होतं. कोणी विचारलं? खाणारं घर हाय. उद्या चांगलं स्थळ चालून आलं नाय तर विधवेच्या पोरीला कोण करील? तुमची भावजय बोलली का नको म्हणून?"

सगुणा बोलली नव्हती. ज्याच्या घरात राहायचं, त्याला नको म्हणायची ताकद तिच्यात उरली नव्हती. ती फक्त त्या दिवशी जेवली नाही.

रोह्यात बघायचा कार्यक्रम केला तर सरांच्या कानावर जाईल, म्हणून अनिताने तो पेणला, कान्हूच्या घरी ठेवला. दिनानाथ शिफ्टचं निमित्त सांगून मागे राहिला. मे महिन्याच्या उकाड्यात तिघी एसटीने निघाल्या. वाटभर प्रतिक्षा खिडकीबाहेर बघत होती. अनिताच्या मनात मात्र गारवा होता. आता घरात तो आकडा राहणार नव्हता.

कान्हूच्या ओटीवर सतरंजी अंथरली होती. हैबतराव, त्यांची बायको, रितेश आणि गावचे दोघे. पोह्याचे पापड आले, सरबत आलं. प्रतिक्षा अनिताची जुनी साडी नेसून पाटावर बसली. साडी तिला मोठी होत होती. खांद्यावर सारखी गोळा होत होती. सगुणा रिवाजाप्रमाणे आतल्या दाराआड उभी राहिली. विधवेने समोर यायचं नव्हतं, पोर तिची असली तरी.

"पोरगी हुशार हाय म्हणं," हैबतराव पापड मोडत म्हणाले. "काय तो आकडा? एकशे बत्तीस? बरं हाय. नातवंडं चांगल्या डोक्याची निपजतील."

सगळे हसले. कान्हू सगळ्यात मोठ्याने हसला.

"पन पोरी, आमच्या खानावळीत त्यो आकडा चालायचा नाय. एका बैठकीला भाकऱ्या किती थापशील? त्यो आकडा सांग."

प्रतिक्षाने मान वर केली. आईच्या दाराकडे तिने पाहिलं नाही. दीड वर्ष ज्या आवाजावर उठायची आणि बसायची सवय झाली होती, त्या आवाजाच्या माणसाकडे तिने पाहिलं.

"काकी," ती हळूच म्हणाली, "किती सांगू?"

अनिताच्या हातातला सरबताचा पेला तसाच राहिला.

गागोद्याच्या घरात अशाच पाटावर ती बसली होती. सासऱ्यांनी तिलाही हेच विचारलं होतं. शाळेत पहिली येणारी ती मुलगी तेव्हा म्हणाली होती, "पन्नास." खोटंच. सगळे खूश झाले होते, आणि तिचं सगळं तिथेच ठरून गेलं होतं. जिचा इतके दिवस हेवा केला ती पोर आज नेमकी तिच्याच जागेवर येऊन बसली होती. हेवा करावा असं तिच्याकडे काय उरलं होतं? आणि तिला पाटावर आणून बसवणारा कुणी परका माणूस नव्हता.

"काय सांगू नको," अनिता म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "ऊठ."

"म्हंजे?" हैबतराव.

"पोरगी पंधरा वर्षांची हाय. कायद्यात बसत नाय. आम्हाला लग्न करायचं नाय."

"तुम्हीच बोलावलंत ना आम्हाला?"

"व्हय. मीच बोलावलं. माझ्या मनात पाप होतं, म्हणून बोलावलं." तिने प्रतिक्षाचा हात धरून तिला उठवलं.

"अनिता, माझ्या घरात येऊन माझं नाक कापतेस?" कान्हू ओरडला.

"तुझं नाक तुझ्याजवळ ठेव, कान्हू. माझी शाळा तू घेतलीस, मी बोलले नाय. हिची मी घेत होते." मग ती आतल्या दाराकडे वळली. "वयनी, बाहेर या. पुढच्या दारानं जायचं हाय आपल्याला."

कान्हूच्या घराचं दार तिला त्या दिवसापासून बंद झालं. दिनानाथ महिनाभर धड बोलला नाही. त्याला सुटल्यासारखं वाटलं होतं, पण तसं कबूल करायची लाज वाटत होती. प्रणितला तिने जवळ बसवून सांगितलं, "तुझा आकडा मीच गावभर केला. तुला लोकांनी नाय, मी हरवलं." तो उठून अंगणात गेला. पण आठवड्याने गणिताचं पुस्तक घेऊन तो प्रतिक्षाच्या समोर जाऊन बसला.

मत्सर मात्र एका दिवसात गेला नाही. प्रतिक्षाचं कौतुक झालं की अनिताला अजूनही ते झोंबायचं. फरक इतकाच की आता ती त्याला ओळखायला लागली होती.

एके सकाळी चुलीपाशी तिने सगुणाला म्हटलं, "वयनी, मला माफ करा."

सगुणा भाकरी उलटत होती. ती इतक्या वर्षांत पहिल्यांदा जावेच्या डोळ्यांत बघून बोलली.

"एक विचारू गो? माझ्या पोरीचा आकडा कमी आला असता, तर तू तिला त्या पाटावरनं उठवली असतीस?"

अनिता चुलीतलं लाकूड पुढे सारायला वाकली.

तो प्रश्न तिच्या मनात वर्षभर राहिला. १९९८ च्या जूनमध्ये दहावीचा निकाल लागला. प्रतिक्षाला चौऱ्याहत्तर टक्के, प्रणितला एकसष्ट. कॉलेजचा फॉर्म भरताना दोघांना कुणीही बुद्ध्यांक विचारला नाही.

त्याच आठवड्यात आळीच्या टोकाला बातमी फुटली की बाबाजीच्या सरूचं लग्न ठरलं. बाबाजी खाडीकडच्या मिठागरावर कामाला जायचा. सरू सातवीत दोनदा नापास झालेली. बोलताना अडखळायची, हसली की तोंडावर हात धरायची. तिला कुणी कधी हुशार म्हटलं नव्हतं.

अनिताने तव्याखालचा जाळ ओढला आणि चपला पायात घातल्या. सगुणा मागोमाग निघाली. कुणी कुणाला काही विचारलं नाही.

बाबाजी अंगणात जाळी विणत बसला होता. त्याने दोघींचं ऐकून घेतलं आणि हसला.

"तुमच्या पोरीचं वेगळं, बाय. तिला डोकं हाय. आमच्या सरूला काय डोकं हाय? शाळेत बसून ती काय करनार?"

दाराआड सरू उभी होती. तिने तोंडावर हात धरला होता, पण ती हसत नव्हती.

"नसू दे डोकं," अनिता म्हणाली आणि अंगणातच बसकण मारली. सगुणा तिच्या शेजारी बसली. "वय किती हाय तिचं, ते सांग."