बर्फावरचं वळण

"आई, माझी आजची फ्लाइट बॉस्टनलाच आहे, मीच आणतेय. दुपारी पोचते," बफलोच्या विमानतळावर कॉकपिटमध्ये बसलेली उल्का फोनवर म्हणाली.

"ये गं लवकर. डॉक्टर म्हणतात, आता फार वेळ नाही. बाबा सारखी तुझीच वाट बघतायत." सुमित्राबाई बॉस्टनजवळच्या वूस्टरच्या हॉस्पिटलमधून बोलत होत्या.

फोन ठेवल्यावर को-पायलट ग्रेगनं विचारलं, "फ्लाय करू शकशील ना? नाहीतर आत्ताच सांग."

"शकेन."

ती लहानाची मोठी झाली त्या श्रूजबरी गावातल्या साऱ्या काका-काकूंनी पायलट होण्याच्या तिच्या इच्छेला वेड ठरवलं होतं. बाबा, एकनाथराव, मात्र दर शनिवारी तिला फ्लाइंग क्लबला सोडत आणि ती खाली उतरेपर्यंत गाडीत पेपर वाचत बसत.

बफलोत पहाटे पडलेला पाऊस जमिनीवरच गोठला होता, वर बर्फाची भुरभुर. विमानावरचा बर्फ गरम द्रव फवारून काढला होता. उल्का माणसाच्या चालीनं विमान रनवेकडे नेत होती. वळणावर तिनं पुढचं चाक डावीकडे वळवलं. विमान मात्र सरळच घसरत राहिलं.

"वळत नाहीये!" ग्रेग ओरडला.

तिनं चाक सरळ केलं, ब्रेक हलकेच दाबले. कडेचे निळे दिवे जवळ येत होते. अगदी कडेशी विमान थांबलं. पलीकडे उतार होता.

"रनवेवर वाळू टाकलीय," ग्रेग हळूच म्हणाला. "एवढं वळण निघालं की झालं. जरा पॉवर देऊन बघू? तुझ्यासाठी म्हणतोय."

एखाद्या वेळी निघालंही असतं. उल्कानं समोरच्या काचेसारख्या बर्फाकडे पाहिलं. मागे सत्तर माणसं होती.

"नको," ती म्हणाली आणि तिनं विमान ओढून न्यायला टॉवरकडे गाडी मागितली.

चाकांना साखळ्या बांधलेल्या गाडीनं विमान गेटवर परत आणलं. फ्लाइट कॅन्सल झाली. तिनं फोन सुरू करून आईला लावला.

"गेले गं," आई म्हणाली. "शेवटी विचारलं, उल्का निघाली का? मी हो म्हटलं."

"निघाले होते, आई."

डोळे पुसून ती विमानाच्या दाराशी उभी राहिली. उतरताना एक प्रवासी चिडून म्हणाला, "एवढ्याशा बर्फाला घाबरलात?"

"सॉरी, सर."

सगळ्यांच्या मागून एक म्हातारी बाई आली. कोटाची दुसरी बाही तिला सापडत नव्हती. उल्कानं कोट धरला, तिचा हात सावकाश बाहीत घातला आणि गळ्यापर्यंत एकेक बटण लावून दिलं.